खिडकीतलं सबस्टेशन

रविवार, १२ जानेवारी

वैजयंती म्हणाली, "हे सगळं मला ऐकवण्यापेक्षा कुठेतरी लिहून ठेवत जा ना." तिने सुचवलेली गोष्ट मी सहसा लगेच करत नाही, पण कंपनीने दिलेली यंदाची डायरी कोरीच पडून होती. तेव्हा लिहितो.

परिस्थिती अशी आहे. श्रुतीच्या जन्मापासून आम्ही ऐरोलीत ज्या भाड्याच्या घरात राहतोय, त्याच्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय आणि मार्चअखेर त्यांना जागा रिकामी हवी आहे. मालक पेढे घेऊन आले होते. पेढा तोंडात असताना माणसाला जागा सोडायला सांगितली की त्याला उलट बोलता येत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

म्हणजे आता घर विकत घ्यायला हवं. तसं हे आमचं फार वर्षांपासून ठरलेलंच आहे, आणि घरंही आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. कोपरखैरण्याचं रेल्वेला लागून होतं, घणसोलीचं नाल्याला. एका घरासमोर शाळा होती, एकासमोर देऊळ, घंटा दोन्हीकडे. तळमजल्याला चोरांची भीती, शेवटच्या मजल्याला गळतीची, आणि मधल्या मजल्याला वरच्यांचीही आणि खालच्यांचीही. मी रबाळ्याला एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. धोका दिसणं हा माझा पेशाच आहे. वैजयंती म्हणते, पेशा ऑफिसात ठेवून घरी यायचं असतं. स्वतः मात्र ती हॉस्पिटलात नर्स आहे आणि घरी आलेल्या पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी त्याचे डोळे पिवळे आहेत का ते बघते.

आज दिघ्याच्या पुढे एक फ्लॅट पाहिला. दुसरा मजला, वारा भरपूर, फरशी सुरेख. मालकीण गोजराबाई इथल्याच गावच्या, साठीच्या पुढच्या, नाकात मोठी नथ आणि आवाज त्याहून मोठा. त्यांची शेती सरकारजमा झाली, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर ही बिल्डिंग. मला पहिल्यांदाच कुठे काही खटकेना, त्यामुळे मी अस्वस्थ झालो. मग स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

खिडकीबाहेर एक भिंत, आणि भिंतीपलीकडे विजेचं सबस्टेशन. साधासुधा ट्रान्सफॉर्मर नव्हे, अख्खं सबस्टेशन. हत्तीएवढाले डबे, चिनी मातीच्या बरण्यांची उतरंड लावावी तसे इन्सुलेटर, आणि सतत एकच सूर. कुणीतरी तानपुरा लावून ठेवलाय आणि गायला यायचं विसरलंय.

"मावशी, हे काय?" मी विचारलं.

"काय म्हंजे? आमचा शेत हाय तो," गोजराबाई म्हणाल्या. मग माझ्या शेजारी उभ्या राहून बोट दाखवून सांगू लागल्या, "तो मोठा डबा हाय ना, तिथं आमचा भात झोडायचा खला व्हता. आन त्या खांबाच्या जागी आंबा. गोटी आंबा, पन साकरेसारका गोड."

वैजयंती म्हणाली, "स्वयंपाक करताना बघायला छान मोकळं आहे की."

मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

वैजयंतीने माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य तिने यापूर्वीही ऐकलेलं आहे.

सोमवार, १३ जानेवारी

रूपेशला विचारलं. रूपेश आमच्या कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो.

म्हणाला, "सर, तुमच्या केबिनच्या मागच्या भिंतीपलीकडे काय आहे?"

"काय आहे?"

"आपलं सबस्टेशन. तुमची खुर्ची त्यालाच टेकलेली असते."

मी त्याला सांगितलं की ते ऑफिस आहे, तिथे मी राहत नाही, गोष्ट वेगळी आहे. तो 'हो सर' म्हणाला.

दुपारपासून पाठ दुखतेय.

रविवार, १९ जानेवारी

चुंबकीय क्षेत्र मोजायचं एक यंत्र ऑनलाइन मागवलं होतं, ते काल आलं. आज ते घेऊन पुन्हा दिघ्याला गेलो. पाहणीला जाताना योग्य पोशाख हवा म्हणून हेल्मेट आणि कंपनीचं नारिंगी जाकीट घातलं होतं. श्रुती रिक्षात माझ्यापासून शक्य तितकी लांब बसली.

आधी भिंतीच्या कडेकडेने मोजत गेलो. थोड्या वेळाने मागे वळून पाहतो तर माझ्यामागे रांग लागलेली.

"साहेब, दोन पंखे आणि एक फ्रिज. ह्याचं एवढं बिल येतं का कुठे?" एक गृहस्थ बिल नाचवत होते.

"आमचा मीटर बंद खोलीतसुद्धा पळतो हो," मागून एक बाई.

मी लाईटवाला साहेब नाही हे सांगायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. पण लाईटवाले साहेबसुद्धा हेच सांगतात, असं त्या गृहस्थांचं म्हणणं पडलं. शेवटी सुटका व्हावी म्हणून मी "बघतो" म्हणालो, आणि मग तर त्यांची खात्रीच पटली. एकीने घरात नेऊन सरबत दिलं.

खिडकीशी यंत्राचा आकडा जेमतेम हलला. बेडरूममध्ये तर तेवढाही नाही. खाली गोजराबाईंच्या घरी मात्र एकदम उसळला. त्या मिक्सरवर चटणी वाटत होत्या. यंत्र सदोष असावं.

मग गच्चीवर जाऊन मोजलं. मी वर असताना वैजयंती आणि गोजराबाई स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत होत्या. मी उतरलो तेव्हा गोजराबाई म्हणत होत्या, "र्‍हाऊन बगल्याबिगर कसा कलेल? र्‍हाऊन बगा, मंग सांगा." कुणाबद्दल चाललं होतं कोण जाणे. बायकांच्या गप्पांत मी पडत नाही. वैजयंती एक किल्ली पर्समध्ये टाकत होती.

"कसली किल्ली?" मी विचारलं.

"घराची," ती म्हणाली.

तिला नेहमी सांगतो, घराची किल्ली अशी हातात घेऊन हिंडत जाऊ नकोस, कुठेतरी पडेल.

गुरुवार, २३ जानेवारी

मोठं पातेलं सापडत नाही. रविवारी मटण करायचं तर आधी पातेलं जागेवर आहे का हे बघून ठेवलेलं बरं, म्हणून शोधलं. वैजयंतीला विचारलं.

"घरी नेलं," ती म्हणाली.

म्हणजे माहेरी, खांदेश्वरला. सासूबाईंकडे काही कार्यक्रम असेल. मला कळवायची पद्धत त्या घरात नाहीच.

बुधवार, २९ जानेवारी

शेवटचा उपाय केला. वैजयंतीचा मामेभाऊ मितेश वास्तुशास्त्राचे सल्ले देतो. माझा त्या शास्त्रावर विश्वास नाही, पण मितेशने आजवर कुठल्याच घराला बरं म्हटलेलं नाही हे मला ठाऊक आहे. तो एकदा नको म्हणाला की वैजयंतीपुढे मला एकट्याला वाईट व्हावं लागणार नाही.

मितेशने दिघ्याच्या त्या बिल्डिंगखाली उभं राहूनच होकायंत्र लावलं, डोळे मिटले आणि उघडले.

"दाजी, सबस्टेशन आग्नेयेला आहे! आग्नेय म्हणजे अग्नीची दिशा. लोक शेगडी आग्नेयेला यावी म्हणून भिंती फोडतात. तुम्हाला सरकारने अख्खा अग्नी बांधून दिलाय. डोळे झाकून घ्या!"

आयुष्यात एकदाच वास्तूवाल्याकडे गेलो आणि त्याने हे केलं. ऐरोलीला परत आल्यावर वैजयंतीने त्याला पुरणपोळी वाढली. पुरणयंत्र शेजारून मागून आणलं होतं. आमचं कुठे गेलं असं विचारलं तर म्हणाली, "घरी."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

थंडी अजून आहे आणि जाड गोधड्या गायब आहेत. शिलाई मशीनही जागेवर नाही. पुसल्यासारखी फक्त चौकोनी खूण उरलीय फरशीवर.

"शिलाई मशीन?"

"घरी नेलं."

"आणि गोधड्या?"

"त्याही."

मी सासूबाईंचा नेहमीच आदर करत आलो आहे. पण या वयात त्या एवढं काय शिवतायत? आणि खांदेश्वरला इतकी थंडी?

काल श्रुती ट्यूशनला निघाली तेव्हा तिच्या हातात पोळपाट होता. "कशाला?" म्हटलं तर म्हणाली, "आईने सांगितलंय." आजकाल प्रोजेक्टच्या नावाखाली मुलांना काय काय आणायला लावतात.

रविवार, ९ फेब्रुवारी

गोजराबाईंचा फोन. "काय भाऊ, काय ठरलं?"

मी म्हणालो, अजून काही मुद्द्यांचा अभ्यास चालू आहे.

"करा, करा. सावकाश करा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग म्हणाल्या, "तुमची बायको लई गुनाची हाय. काल पापलेटाचा कालवन दिला मला." काल वैजयंतीची ड्यूटी होती. गोजराबाईंचं वय झालंय, गोंधळ होत असेल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज जे लक्षात आलं ते लिहायला हात धजत नाही.

हॉलमधली वेताची खुर्ची नाही. देवघरातला बाळकृष्ण नाही. भिंतीवर लग्नाचा फोटो होता, तिथे खिळा आहे. वैजयंतीचं कपाट उघडून पाहिलं, अर्ध्याच्या वर रिकामं. श्रुतीचं पुस्तकांचं शेल्फ रिकामं.

माझं कपाट मात्र जसंच्या तसं. माझे शर्ट, माझे बूट, माझा रेनकोट अडकवायचा हूक, काही काही हललेलं नाही.

आणि सर्वात वाईट गोष्ट म्हणजे गेले कित्येक दिवस वैजयंती माझ्याशी भांडलेली नाही. ओला टॉवेल पलंगावर टाकला तर स्वतः उचलून वाळत घालते. भाजी परतताना गुणगुणते. मी घरांचा विषय काढला तर म्हणते, "बघा, तुम्हाला पटेल तसं."

वैजयंती मला सोडून माहेरी चाललीय. एकदम नाही, पातेल्यापातेल्याने. आणि मी त्याचा प्रत्येक टप्पा स्वतःच्या हाताने या डायरीत लिहिला आणि मला कळलं नाही. कंपनीत एखाद्याने असा अहवाल दिला असता तर मी त्याला धारेवर धरलं असतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सुधारणेचे उपाय सुरू केले आहेत. परवा कांदे चिरले. काल भांडी घासली, जी उरलीत ती. आज येताना मोगऱ्याचा गजरा आणला.

वैजयंतीने गजऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरं वाटत नाहीये का?"

"मला काय झालंय?"

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. नंतर गजरा माळला, पण मधूनमधून माझ्याकडे बघत होती. श्रुती म्हणाली, "बाबा, तू ठीक आहेस ना?"

विचारावं असं किती वेळा जिभेवर आलं. पण विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर? प्रश्न विचारला नाही तोवर उत्तर येत नाही. घरांच्या बाबतीतही मी बहुधा हेच करत आलोय. हे आत्ता लिहिता लिहिता सुचलं. खोडून टाकणार होतो, राहू दे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. वैजयंतीला ड्यूटी होती (असं ती म्हणाली). मी सरळ खांदेश्वरला गेलो. मोतीचुराचे लाडू घेतले, कारण रिकाम्या हाताने माफी मागायला जाणं बरं दिसत नाही.

सासूबाई एकट्याच होत्या. दार उघडून म्हणाल्या, "अगंबाई, जावईबापू! एकटेच?"

त्या 'एकटेच'ने माझा धीर सुटला. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. म्हणालो, माझं चुकलं, मी माणूस संशयी आहे, प्रत्येक गोष्टीत खोट काढतो, तुमच्या मुलीला इतकी वर्षं भाड्याच्या घरात ठेवलं. पण तिला म्हणावं, मला एक संधी दे. आणि सामान इथे असेल तर असू दे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

"कसलं सामान?"

"शिलाई मशीन. गोधड्या. खुर्ची. बाळकृष्ण."

सासूबाईंनी दोन्ही हात पसरून मला त्यांचं घर दाखवलं. एक खोली, एक स्वयंपाकघर. "ह्यात? तुम्ही बसलात तर मला उभं राहावं लागतं, जावईबापू. मशीन कुठे ठेवू, डोक्यावर?"

मी आत जाऊन बघितलं. खरंच काही नव्हतं. तेव्हा माझ्या मनात जे जे येऊन गेलं ते इथे लिहीत नाही.

"तुम्ही तिला विचारलंत का कुठे नेलं ते?"

"विचारलं ना. घरी नेलं म्हणाली."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं आणि त्या पदर तोंडाला लावून खाली बसल्या. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. हसता हसता त्यांनी वैजयंतीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अगं, जावईबापू आलेत. मोठं पातेलं शोधत."

 पलीकडून, मागे, एक ओळखीचा सूर येत होता. तानपुऱ्यासारखा.

"त्यांना म्हणावं, जेवायला घरी या," वैजयंती म्हणाली. "दिघ्याला."

नंतर, त्याच दिवशी

दिघ्याच्या घराचं दार उघडंच होतं. वेताची खुर्ची खिडकीपाशी. भिंतीवर आमचं लग्न. श्रुती गोधडीवर लोळत अभ्यास करत होती. मला पाहून तिने पुस्तक चेहऱ्यासमोर धरलं.

मी माझ्याच खुर्चीत पाहुण्यासारखा बसलो.

"हे तू मला न सांगता केलंस," मी म्हणालो.

"काय सांगितलं नाही?" वैजयंती चहाचं आधण ठेवत होती. "किल्ली कसली विचारलंत, घराची म्हटलं. पातेलं कुठे विचारलंत, घरी नेलं म्हटलं. पुढचा प्रश्न तुम्ही विचारलात एकदा तरी? गोजरामावशी म्हणाल्या महिनाभर राहून बघा, पैसे नंतर बोलू. तुम्ही तर यायला तयार नव्हता, म्हणून मग मी आणि श्रुती येत होतो, ड्यूटीच्या आधी, ट्यूशनच्या नंतर. गुंजणाऱ्या डब्यांशेजारी आपल्याला जमतं का बघायला."

"मला वाटलं तू मला सोडून चाललीस."

श्रुती फिस्सकन हसली. मग आईकडे पाहून पुन्हा पुस्तकात शिरली. वैजयंतीच्या हातात गाळणं होतं, ते तिने ओट्यावर ठेवलं.

"कधीपासून वाटत होतं?"

"आठवडा झाला."

"आणि तरी विचारलं नाहीत? कांदे चिरत बसलात?"

ती चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती चिडली नव्हती. तिने कप माझ्या हातात दिला आणि समोर पाटावर बसली.

"माझे कपडे का नाही आणलेस?" मी विचारलं. "सगळं आणलंस, माझं तेवढं का नाही?"

"ते तुम्ही आणायचं. भांडी मी उचलून आणीन, कपाट आणीन, देवसुद्धा आणला. माणूस उचलून आणायला जमत नाही मला." मग म्हणाली, "घरात खोट आहे म्हणालात की मला दुसरं घर शोधता येतं. विचार करून सांगतो म्हणालात की काहीच करता येत नाही. तुम्हाला हे घर नको असेल तर नको म्हणा. मी किल्ली परत देते, रडणार नाही. पण आज सांगा."

मला खूप काही म्हणायचं होतं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "विचार करून सांगतो."

खरं सांगतो, सवयीने निघालं.

वैजयंती उठली, तिने आमटीखालचा गॅस बंद केला. जेवणाचा विषय पुन्हा निघाला नाही. मी ऐरोलीला परत आलो. त्या दोघी आल्या नाहीत.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळी चहा करायला गेलो तर चहाची गाळणी नाही. रुमालाने गाळला. ऑफिसात रूपेश म्हणाला, सर, रुमालाला काय झालं?

सुट्टी टाकून दुपारीच घरी आलो. काही सुचेना, तेव्हा मला जे येतं ते करायला लागलो. घराची तपासणी. बायको घरात नसली की भिंती कशा मोठ्या दिसतात.

बाथरूममधल्या गीझरची वायर उघडी आहे, तिच्याभोवती मीच कधीतरी चिकटपट्टी गुंडाळलेली. बाल्कनीच्या ग्रिलचं दार गंजून बसलंय, आग लागली तर तिकडून बाहेर पडता येणार नाही. छताचं प्लास्टर स्वयंपाकघरात, बरोबर वैजयंती उभी राहते तिथे, फुगून आलंय. मुख्य स्विचच्या खोक्याला झाकण नाही.

इतक्या घरांना मी नापास केलं. या घराची तपासणी आजवर केलीच नव्हती. सवय झाली होती म्हणून हे सुरक्षित वाटत होतं. श्रुती इथे रांगली, चालली, त्या उघड्या खोक्याखाली बसून तिने बाराखडी गिरवली.

हे घर मी कुणालाही घेऊ दिलं नसतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

काल रात्री सामान बांधलं. बांधताना कळलं की माझं म्हणून काय आहे: शर्ट, बूट, भरपूर टॉर्च, दोन अग्निशामक सिलिंडर, एक दोरशिडी, आणि दोन्ही हेल्मेट. छोटा टेम्पो केला. अग्निशामक मांडीवर घेऊन पुढे बसलो.

दिघ्याच्या गल्लीत टेम्पो शिरला आणि ते बिलवाले गृहस्थ ओरडले, "लाईटवाले साहेब आले! सामान घेऊन आले!" गोजराबाई ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांनी एकदा सिलिंडरांकडे पाहिलं, एकदा दोरशिडीकडे, आणि वर तोंड करून हाक मारली, "वैजू गो! तुजा नवरा आयला! बंबासकट आयला!"

वैजयंती जिन्यावर आली. हाताला पीठ होतं. मी दोन्ही बगलांत दोन सिलिंडर घेऊन उभा होतो, त्यामुळे काही नाट्यमय करणं शक्य नव्हतं.

"कुठे ठेवू?" मी विचारलं.

"एक दाराजवळ, एक स्वयंपाकघरात," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत ना."

आवराआवर करता करता दिवेलागण झाली. ताटं घेतली आणि पहिला घास उचलणार तोच लाईट गेली. आमची गेली, बिल्डिंगीची गेली, गल्लीची गेली. आणि खिडकीत, भिंतीपलीकडे, सबस्टेशन लग्नाच्या मांडवासारखं झगमगत होतं.

अख्खी बिल्डिंग खिडक्यांत आली. खालून बिलवाल्यांचा आवाज, "ओ भाऊ, तुमच्याकडे आहे, आमच्याकडे का नाही?"

भिंतीपलीकडून सबस्टेशनच्या ऑपरेटरने ओरडून सांगितलं, "तुमची लाईन इथून नाही! तुमची रबाळ्यावरून येते!"

"बगा!" गोजराबाईंचा आवाज त्या सगळ्यांच्या वर चढला. "शेत माजा घेतला, आन माजी लाईट आनली रबाल्यावरशी! आंबा तोडला तेव्हा इचारलास का रे, का म्हातारे तुला लाईट कुठली पायजे?"

ऑपरेटर बिचारा म्हणाला, "काकी, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो."

सगळी बिल्डिंग हसली. श्रुती ताट घेऊन खिडकीत जाऊन बसली. म्हणाली, "बाबा, इकडे ये, इथे सगळं दिसतंय." खरंच दिसत होतं. पलीकडच्या मोठ्या दिव्यांचा उजेड थेट ओट्यावर पडला होता, आमटीतली कोथिंबीरसुद्धा वेगळी कळत होती. आम्ही तिघं ओट्याला टेकून उभ्याउभ्या जेवलो.

"वैजयंती," मी म्हणालो.

"हं."

"घेऊया."

खालच्या गोंगाटात तिला ऐकू गेलं नाही असं वाटलं, म्हणून मी पुन्हा, जरा मोठ्याने म्हणालो, "हे घर आपण घेऊया. माझा विचार झाला."

 तिने माझं ताट ओढून उजेडात घेतलं आणि आणखी एक पोळी वाढली. मग तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिली, जिथे पूर्वी गोजराबाईंचा आंबा होता त्या दिशेला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "भात घेणार?"

लाईट अजून आलेली नाही. टॉर्च काढायला उठलो होतो, पण गरज वाटली नाही. हे खिडकीत बसून लिहितोय. अक्षर चांगलं आलंय.